बिननवरदेवाचा आहेर

माझ्या आत्यानं मला इथवर पोचवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या हकिकतीत बाबा येतील, मामा येतील, गुरुजी येतील, यवतमाळचे सल्लागार येतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हे सगळ्यांनी मिळून केलं. केलंच. पण त्या सगळ्यांना एका ओसरीवर आणून बसवलं ते तिनं. तेही असा गुडघा घेऊन, की एसटीची पायरी चढताना ती आधी दांडा धरायची, मग डोळे मिटायची, आणि मगच पाय उचलायची.

मी आता आयर्लंडमध्ये आहे. नर्सिंगचा पुढचा अभ्यासक्रम शिकते आणि आठवड्यातले काही तास म्हाताऱ्या माणसांच्या एका केंद्रात काम करते. वर्गातल्या बाकीच्या मुली पहिल्यापासून सरळ शिकत आलेल्या. मी नववीत शाळा सोडलेली. कोणी सहज म्हणून शिक्षणाबद्दल विचारलं तरी अजून मी विषय बदलते. वाटतं, आता कोणीतरी येईल, खांद्यावर हात ठेवील आणि म्हणेल, बाई, चूक झाली, तुम्ही परत जा.

शाळा सुटली ती आईच्या आजारपणामुळे. आमचं गाव बोरी अरबपासून जवळच. शेत कापसाचं आणि तुरीचं, खाऊनपिऊन बरं चाललेलं. पण आई खाटेवर पडली आणि मोठ्या बहिणीचं लग्न झालेलं, म्हणून चूल माझ्याकडे आली. आई उठून फिरायला लागली तोवर माझ्या वर्गातल्या पोरी दहावी होऊन गेल्या होत्या. खालच्या वर्गात लहान पोरींसोबत बसून शिकायची लाज वाटली, म्हणून मी गेलेच नाही.

पुढं एका दिवाळीला आत्या नेरहून आली ती पिशवीत फराळाच्या डब्याखाली सतरा नंबरचा फॉर्म घेऊन. शाळेत न जाता घरी अभ्यास करून दहावीला बसायचं असेल, तर तो फॉर्म भरावा लागतो. बाबा म्हणाले, "आता कायले, बाई? दोन वर्षांनं लग्न करून देऊ तिचं."

आत्या म्हणाली, "मी तुह्याशी बोलून नाही राह्यली. मी तिच्याशी बोलून राह्यली." मग माझ्याकडे वळून, "मी चौथी शिकली. सही येते मले, पण काय लिहिलं हाय ते वाचाले दुसऱ्याचं तोंड पाहा लागते. तुले पाह्याचं हाय का दुसऱ्याचं तोंड?"

त्या फॉर्मवर मी दहावी झाले. मग बारावी, मग नर्सिंगचा डिप्लोमा, मग यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी. तिथल्याच एका सिनियर सिस्टरनं या अभ्यासक्रमाची माहिती दिली. मी भीत भीत अर्ज केला आणि प्रवेशाचं पत्र आलं. घरात पेढे वाटले गेले. व्हिसा नावाची गोष्ट अजून पुढं उभी आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाला नीटसं कळलं नव्हतं.

परदेशात शिकायला जाणाऱ्यानं आधी दाखवावं लागतं की फी आणि तिथला राहण्याखाण्याचा खर्च उचलायला आपल्याकडे पैसा आहे. दाखवावं लागतं म्हणजे खात्यात. शेत दाखवून चालत नाही. घरात भाव वाढायची वाट पाहत माळ्यापर्यंत भरून ठेवलेला कापूस दाखवून तर मुळीच चालत नाही. बाबांना हे पटायला वेळ लागला. "कापूस म्हणजे पैसाच ना वो," असं ते आईला दोनतीनदा म्हणाले. शेवटी त्यांनी कापूस विकला, माझे दवाखान्यातले साठवलेले पैसे त्यात घातले, तरी कमी पडले. मग आमच्याकडे जसं होतं तसं झालं. बाबांनी कोणाकडे मागितलं नाही, फक्त चार ठिकाणी बोलले, आणि नातेवाइकांनी आपणहून आणून दिले. चुलत्यांनी दिले. शेजारच्या काकांनी दिले. माझ्या मामानं सगळ्यांत जास्त दिले. तो दारव्ह्याकडे राहतो, त्याची संत्र्याची बाग आहे. आणि आत्यानं तिचे दुधाचे पैसे दिले. ते तिनं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण यवतमाळच्या डॉक्टरांकडे तिला मीच नेलं होतं आणि एक्स-रेचं पाकीट तिच्या घरी खुंटीला लटकत होतं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "गुडघा कुठं पळून चालला? पळता आलं असतं तं दुखला कायले असता?"

आता बाबांनी काय केलं ते सांगते. रागानं नाही सांगत. त्यांच्या जागी आमच्या गावातल्या कोणीही हेच केलं असतं. जसजसे पैसे आले तसतसे ते त्यांनी देवघराखालच्या पेटीत ठेवले. पोरीच्या चांगल्या कामाचा पैसा, तो चांगल्या दिवशीच बँकेत पडावा म्हणून ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत थांबले. आणि नेमकी त्या दिवसाला लागून बँकेला सुटी होती, ती संपल्या संपल्या, पेटी रिकामी करून, देवापुढं नारळ फोडून, सगळे पैसे एका दमात माझ्या खात्यात भरून आले. येताना बँकेतल्या साहेबालाही पेढा देऊन आले.

यवतमाळला विद्यार्थ्यांचे कागद तपासून देणारे एक सल्लागार होते. तरुणच, मूळचे वणीकडचे. त्यांनी माझ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट पाहिलं आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे एवढे पैसे एका दिवशी, रोख, कुठून आले?"

"आखाजी होती ना," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्यांना कळलं होतं. म्हणाले, "मला समजलं, ताई. माझ्याही घरी असंच करतात. पण तिकडच्या अधिकाऱ्याला आखाजी कशी समजेल? त्याला दिसेल की पाच महिने खातं गरीब होतं आणि एका दिवसात श्रीमंत झालं. तो म्हणेल, पैसे महिन्याभरासाठी कोणाकडून तरी दाखवायला आणले आहेत."

"मग आता?"

"जे खरं आहे तेच लिहून द्यायचं. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं सही करून सांगायचं की मी हिचा कोण, मी हिला किती दिले, हे परत मागणार नाही, आणि माझ्याकडे ते कुठून आले. सोबत त्याचं पासबुक, कापूस विकल्याची पट्टी, जे असेल ते. एकाचंही राहिलं तर तेवढा पैसा मोजला जाणार नाही."

मी उठताना त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. बाहेर काही लोक व्याजावर पैसे 'दाखवून' देतात, ते तुमच्याकडे येतील, त्यांच्या नादी लागू नका, एकदा पकडलं गेलं की दारच बंद. मी मान हलवली. मला तर आताच दार बंद झाल्यासारखं वाटत होतं. अभ्यासक्रम सुरू व्हायची तारीख पत्रात छापलेली होती, आणि जागा कोणाची वाट पाहत नाही असंही त्यात लिहिलेलं होतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी स्टेटमेंट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "म्या कोणाले लिहून मागू?"

आमच्याकडे हे किती अवघड आहे ते बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. कोणी हातात पैसे ठेवले की ते मोजूनसुद्धा पाहत नाहीत त्याच्यासमोर. मोजलं तर तो म्हणतो, काहून, भरवसा नाही का? आणि लिहून मागणं म्हणजे तर तोंडावर सांगणं, की उद्या तू फिरशील. बाबा पहिल्यांदा मामाकडे गेले, कारण मामाचे पैसे सगळ्यांत जास्त. ते संध्याकाळच्या गाडीनं परत आले आणि न जेवता झोपले. मामा काय म्हणाला ते दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. मामा म्हणाला होता, "बहिणीच्या पोरीले देल्ले. आता त्याचा कागद मागता? उद्या म्हणसान, राखी बांधली त्याची पावती द्या." आणि शेवटी, "नसन पटत तं माहे पैसे वापस आणून द्या."

आई रडली. तिचा भाऊ आणि तिचा नवरा, ती कोणाची बाजू घेणार? मी गुपचूप प्रवेशाचं पत्र काढून पाहिलं आणि मनातल्या मनात दवाखान्यातल्या सिस्टरला फोन करून पाहिला, की मी आता नोकरी सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आली. बाबांनी बोलावलं नव्हतं. आईनं फोन केला असावा. बाजेवर बसून तिनं आधी गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला, पाणी प्याली, आणि सगळं ऐकून घेतलं. मग बाबांना विचारलं, "लग्नात आहेर लिहितात तवा कोणाले राग येते का?"

"लग्नात कायचा राग? तिथं तं नाही लिहिलं तं राग येते."

"नाव लिहितात, गाव लिहितात, किती देल्ले ते लिहितात. चारचौघांत. मोठ्यानं वाचूनबी दाखवतात."

"हो. मंग?"

"मंग काय? लावा मांडव."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मीही. आमच्याकडे लग्नात दाराशी टेबल टाकून एक माणूस वही घेऊन बसतो. जो येतो तो त्याच्या हाती आहेर देतो आणि आपलं नाव नीट लिहिलं की नाही हे वाकून पाहतो. पुढं त्यांच्या घरी लग्न निघालं की वही काढायची आणि त्यांनी दिलं त्याच्यापेक्षा थोडं जास्त द्यायचं. जिथं एक चिठ्ठी मागितली तर माणूस दुखावतो, तिथंच त्या टेबलापुढं रांग लागते. हे आम्ही सगळ्यांनी जन्मभर पाहिलं होतं. डोक्यात आलं ते आत्याच्या.

पण मामाचा प्रश्न होताच. त्याचा राग फक्त कागदाचा नव्हता. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात आहेराच्या वहीत त्याचं नाव तिसऱ्या पानावर गेलं होतं. तो बिचारा मंडपात भाचीला आणायच्या गडबडीत होता, आणि तोवर इकडे लिहिणं सुरू झालं. पहिल्या पानावर पहिलं नाव आत्याचं होतं. इतकी वर्षं झाली, पण दर सणाला तो ते काढायचाच. म्हणायचा, "आम्ही काय, तिसऱ्या पानावरचे सोयरे."

आत्या म्हणाली, "त्याईच्या घरी मी जातो." आणि मला घेऊन निघाली.

त्या दिवशी ऊन फार होतं. दारव्ह्याच्या स्टँडवर उतरून पुढं ऑटो, आणि ऑटोनं सोडल्यावर मामाच्या घरापर्यंतचा चढ. मी तिचा हात धरला होता. ती मधेमधे थांबायची आणि असं दाखवायची की ती बाजूच्या घराची बाग पाहते आहे. हातात नारळ होता, आणि पदराच्या टोकाला कुंकवात भिजवलेल्या अक्षता बांधलेल्या.

मामा अंगणात संत्र्याच्या पेट्या ठोकत होता. त्यानं पाहिलं, हातोडी खाली ठेवली, पण 'या' म्हणाला नाही. मामीनं मात्र खुर्ची आणली. आत्या खुर्चीवर बसली नाही. एवढा चढ चढून आलेली, तरी उभीच राहिली.

"आमंत्रण द्याले आली, भाऊ," ती म्हणाली. "लग्न हाय."

"कोणाचं?"

"ह्या पोट्टीचं."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"नवरदेव?"

"तिकडं हाय, समुद्राच्या पल्याड. कसा हाय कोणाले माहीत. पोट्टीले घरात घेते का नाही तेबी ठरलं नाही. आधी म्हणते, मामाचा आहेर किती ते दाखवा."

मामी तोंडाला पदर लावून हसली. मामा हसला नाही, पण त्यानं हात पुसले.

"आहेर देल्ला म्या," तो म्हणाला.

"देल्ला. सगळ्यांत मोठा देल्ला. पण वहीत नाही लिहिला. म्हणून सांगाले आली, यंदा पहिलं पान, पहिलं नाव तुमचं."

"पहिलं नाव तं तुमचं राह्यते, बाई. आत्याचा मान."

"राह्यत असन. यंदा तुमचा. माहं लिहा शेवटी. माह्या मागं कोणी नाही पाह्यजे, म्हणजे मले टेबलापाशी बसून राह्यता येईन, उठबस नाही होत आता."

मामानं खाली पडलेले खिळे गोळा करून पेटीत टाकले. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सही लागन का?"

"लग्नात नाही लागत. इथं लागते. नवरदेव लय शंकेखोर हाय."

तेव्हा तो हसला. मी मात्र रडायला लागले. आत्यानं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ आणि अक्षता दिल्या, आणि मगच खुर्चीवर बसली. खुर्ची मोडेल अशी बसली.

पेरणीच्या आधीच्या एका रविवारी आमच्या ओसरीवर तो कार्यक्रम झाला. मांडव नाही, बँड नाही. टेबलावर आईनं स्वच्छ चादर टाकली. लिहायला गावातले निवृत्त गुरुजी बसले. गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर तेच लिहितात. माझा शाळा सोडल्याचा दाखलाही त्यांच्याच अक्षरातला. एका बाजूला आहेराची वही आणि दुसऱ्या बाजूला सल्लागारांनी छापून दिलेली पत्रं. गुरुजी आधी वहीत लिहायचे, मोठ्यानं वाचायचे, मग तेच पत्रात भरायचे आणि पत्र फिरवून पुढं करायचे. वहीत नाव ऐकून खूश झालेला माणूस पत्रावर सही करतानाही खूशच असायचा. कोणी पासबुक आणलं होतं, कोणी कापसाची पट्टी, एका काकांनी तर तुरीची, सोयाबीनची आणि बैल विकल्याचीसुद्धा पावती आणली होती.

"बैलाची कायले?" गुरुजींनी विचारलं.

"असू द्या. नवरदेव शंकेखोर हाय म्हणतात."

मामा सगळ्यांत आधी आला. नवा शर्ट घालून. आत्यानं त्याला टोपी-दुपट्टा दिला, आणि गुरुजींनी इतक्या मोठ्या आवाजात त्याचं नाव वाचलं की रस्त्यावरून जाणारा एक जण थांबला. मग मामा स्वतःच टेबलाच्या बाजूला उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, "सही इथं. नीट करा. पासबुकात जशी हाय तशी. तिकडं पाहतात."

जेवायला बुंदी, आलू-वांग्याची भाजी आणि मठ्ठा होता. सगळे जेवत असताना आत्याचं नाव शेवटी लिहिलं गेलं. पैसे कुठून आले, या रकान्यात गुरुजींनी लिहिलं, दूध विक्री. आत्यानं पेन घेतलं आणि सही केली. एकेक अक्षर दाबून, जसं कोणी पाटीवर काढावं तसं. मग मला म्हणाली, "वाच, काय लिहिलं हाय."

मी पूर्ण पत्र तिला वाचून दाखवलं. 'हे पैसे मी परत मागणार नाही' हे वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, "बराबर."

पत्रांचं इंग्रजी भाषांतर झालं, सगळं गठ्ठा करून गेलं. मग नुसतं थांबणं होतं. पेरणी झाली, पिकातलं तण काढायची डवरणी झाली. मी दवाखान्यात ड्यूटी करायचे आणि फोन वाजला की सलाइन लावून होताच आधी नंबर पाहायचे. मामा दर चारपाच दिवसांनी फोन करून विचारायचा, "नवरदेवाचं काही पत्र?" एके दिवशी पासपोर्ट परत आला आणि त्यात व्हिसा चिकटवलेला होता. मी पहिला फोन आत्याला केला. ती दूध घालायला गेली होती. तिनं नंतर फोन केला आणि पूर्ण ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मले माहीत होतं. एवढ्या लोकांनं सही केल्यावर कोण नाही म्हणन?"

आता इथं येऊन काही महिने झाले. रोज सकाळी उठून मी फोनमध्ये खातं उघडून पाहते, पैसे आहेत की नाही; कोणी नेणार नाही हे माहीत असूनही पाहते. वर्गात प्रश्न विचारायला अजून हात वर होत नाही. पण काम मला येतं. आमच्या केंद्रात गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आलेल्या बायका असतात. पहिल्या दिवशी त्या पाय टेकवायला घाबरतात. मी एक हात पाठीमागं ठेवते, दुसरा त्यांच्या तळहाताखाली, आणि त्यांच्या चालीनं चालते, घाई न करता. ओठावर ओठ दाबून उभं राहायची, मधेच थांबून भिंतीवरचं चित्र पाहतोय असं दाखवायची रीत त्यांचीही तीच. मला प्रत्येकीत दारव्ह्याचा तो चढ दिसतो.

आत्याला फोन केला की मी गुडघ्याचं विचारते. ती म्हणते, "चालते." मी म्हणते, चालते म्हणजे कसं? ती म्हणते, "चालते म्हणजे चालते. तू आपलं शीक."

आहेराची वही बाबांनी माझ्यासाठी जपून ठेवली आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी काही कार्य निघेल, आणि रीतीप्रमाणे मी थोडं जास्त देईन. मामाचं तर पहिल्या पानावरच आहे, विसरायचा प्रश्न नाही. पण आत्याचं देणं वहीच्या हिशेबानं फिटायचं नाही. सही करून तिनं ते परत घ्यायचंही सोडून दिलं आहे. म्हणून मी तिला न विचारता ठरवलं आहे. शिक्षण संपेल, पगार सुरू होईल, तेव्हा मी सुटी काढून येईन, तिला यवतमाळला नेईन, आणि खुंटीवरचं ते एक्स-रेचं पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवीन. ऑपरेशन झाल्यावर नर्स बोलवायची नाही. मी स्वतः तिला तिच्या अंगणात चालवीन, गोठ्यापर्यंत, मग दारापर्यंत, मग रस्त्यापर्यंत. आणि ती एसटीची पायरी डोळे उघडे ठेवून चढेल त्या दिवसापर्यंत मी परत निघणार नाही. आत्या, हे मी लिहून देते, आणि खाली सही करते.